कमठा, गलोल आणि यंत्रधनुष्य : मध्य प्रांताच्या वर्णनग्रंथांची एक परीक्षा

१

१८६१ साली मध्य प्रांताची स्थापना झाली आणि १९५६ पर्यंत नागपूर हे त्या प्रदेशाच्या कारभाराचे केंद्र राहिले. साहजिकच या प्रदेशातील गोंड, माडिया, कोरकू, भिल्ल, बैगा, पारधी इत्यादी जमातींविषयीच्या लेखनाचा बराच मोठा भाग नागपुराशी निगडित आहे. १८४५ पासून नागपुरास राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमविलेले कागद त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी संपादून प्रसिद्ध केले. कॅप्टन फॉर्सिथ यांचा मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ मुलखावरील ग्रंथ १८७१ मध्ये निघाला. रसेल व रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये लंडन येथे छापला गेला. पुढे बस्तरच्या माडियांवरील ग्रिगसन यांचा ग्रंथ १९३८ मध्ये आला. या लेखनावाचून विदर्भाच्या लोकजीवनाचा अभ्यास पुढे सरकू शकत नाही, हे निर्विवाद आहे. परंतु ज्या ग्रंथांवर आपला भार टाकावयाचा, ते कोठे भक्कम आहेत व कोठे पोकळ आहेत, हेही एकदा ठोकून पाहणे अवश्य असते.

या परीक्षेसाठी येथे एकच वस्तू निवडली आहे : धनुष्य. ती निवडण्याचे कारण असे की, वन्य जमातींच्या वर्णनात धनुष्यबाण वारंवार येतो. किंबहुना चित्रात, नाटकात व पुढे चित्रपटात 'आदिवासी' ओळखू यावा म्हणून त्याच्या खांद्यावर धनुष्य दिले जाते. इतक्या परिचित वस्तूविषयी लिहिणाऱ्यांनी नेमके काय सांगितले, हे पाहिले म्हणजे त्या लेखनाची पद्धती उघडी पडते. कसोटी साधी आहे. वस्तूचे वर्णन वाचून जाणत्या सुताराला ती वस्तू पुन्हा घडविता येईल काय?

ही कसोटी अन्यायाची आहे, असा आक्षेप येणे शक्य आहे. हे ग्रंथकार कारागिरीची पाठ्यपुस्तके लिहीत नव्हते; त्यांना विवाहसंस्था, कुळी, दैवते व उत्पत्तिकथा यांची नोंद करावयाची होती. आक्षेपात तथ्य आहे. तथापि तो पुरता टिकत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानववंशशास्त्राने हत्यारांनाच संस्कृतीच्या पायऱ्यांचा पुरावा मानले होते. इंग्लंडात पिट-रिव्हर्स यांनी शस्त्रांच्या ओळी लावून मानवी प्रगतीचा क्रम दाखविण्याचा उद्योग केला, तो याच काळात. ज्या वस्तूवरून एखाद्या समाजाची पायरी ठरवावयाची, ती वस्तू कशी घडते हे तरी ठरविणाऱ्यास ठाऊक असले पाहिजे. पुराव्यावर जेवढा भार टाकला, तेवढी त्याची तपासणी मागता येते.

२

रसेल-हिरालाल यांच्या ग्रंथाची रचना पाहिली असता उणिवेचे पहिले कारण हाती लागते. जातीजातींची प्रकरणे उत्पत्ती, पोटभेद, विवाह, जन्म, मृत्यू, धर्म, व्यवसाय अशा ठराविक मथळ्यांखाली मांडलेली आहेत. तुलनेसाठी ही सोय मोठी आहे. परंतु जी गोष्ट एका जातीची नसून अनेकांची आहे, तिला या चौकटीत घर मिळत नाही. धनुष्य भिल्लांचे आहे, गोंडांचे आहे, बैगांचेही आहे. त्यामुळे त्याचे वर्णन तुकड्यातुकड्यांनी विखुरते आणि कोणत्याच तुकड्यात ते पुरे होत नाही.

याच ग्रंथातील पारध्यांचे प्रकरण मात्र या नियमाला अपवाद आहे आणि तो अपवाद बोलका आहे. फासे पारधी, चित्तेवाले पारधी, बंदूक वापरणारे शिकारी किंवा भिल्ल पारधी, जात्याला टाकी लावणारे टाकणकार अशी पोटभेदांची नावे तेथे साधनावरून वा धंद्यावरूनच पडलेली आहेत. येथे साधन हेच सामाजिक वर्गीकरण झाले असल्यामुळे ग्रंथकारांना फाशांकडे लक्ष देणे भाग पडले. गोंडांच्या बाबतीत साधनावरून पोटभेद पडले नाहीत. म्हणून साधन दुर्लक्षित राहिले. अर्थात नोंदीची खोली वस्तूच्या महत्त्वावर नव्हे, तर ग्रंथाच्या मथळ्यांवर अवलंबून राहिली. पारध्यांच्या बाबतीत या लक्षाला दुसरीही एक कडा होती. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने भटक्या समाजांकडे संशयाने पाहण्याची जी रीत पाडली, तीत फासा हा कौशल्याचा नमुना न राहता ओळख पटविण्याची खूण बनला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. ग्रंथांतील दृष्टी मात्र पुढील लेखकांच्या हाती तशीच आली.

हिस्लॉप यांच्या कागदांत उणीव वेगळ्या प्रकारची आहे. त्यांत परधानाच्या तोंडून मिळालेले लिंगोचे गोंडी आख्यान आहे आणि त्याचे मोल आजही कमी झालेले नाही. रिकाड गवडीच्या शेतातून अग्नी आणणे, बिंदो पक्ष्याच्या पिलांना खाणाऱ्या नागाचा वध, कोंडलेल्या गोंडांची सुटका अशा प्रसंगांतून शिकारी समाजाचे जग दिसते. फॉर्सिथ यांनी पुढे या आख्यानाला लाँगफेलोच्या 'हायवाथा'चा छंद चढविला. तेव्हाच गोंडी गायनातील शिकारी हा अमेरिकेतील रानटी वीराच्या साच्यात ओतला गेला. काव्य म्हणून त्यात गोडी असेल. पण पुरावा म्हणून त्याची किंमत घटली. आख्यानातील धनुष्य हे बांबूचे की लाकडाचे, त्याची दोरी कशाची, हा प्रश्न विचारण्यास त्या छंदाच्या ठेक्यात जागाच उरली नाही.

३

आता ज्या गोष्टी नोंदविणे अवश्य होते, त्या कोणत्या, हे पाहिले पाहिजे. या कामी कौटिल्याचे अर्थशास्त्र हे आश्चर्यकारकपणे उपयोगी पडते. १९०९ मध्ये शामशास्त्री यांनी प्रसिद्ध केलेल्या या ग्रंथाच्या आयुधागाराध्यक्षाच्या प्रकरणात धनुष्यांचे वर्गीकरण द्रव्यावरून केले आहे : ताड, बांबू, लाकूड आणि शिंग. दोरीची द्रव्ये वेगळी सांगितली आहेत. त्यांत मूर्वा, रुई, ताग, स्नायू यांच्याबरोबर वेणूचाही, म्हणजे बांबूचाही, निर्देश आहे. बाणांचे अग्र लोखंडाचे, हाडाचे किंवा लाकडाचे असावे आणि त्याचे काम छेदन, भेदन वा ताडन असे तिहेरी असावे, असेही तेथे म्हटले आहे. राजाच्या शस्त्रागाराची ही यादी आहे, रानातील शिकाऱ्याची नव्हे. तरीही द्रव्य, दोरी, अग्र आणि कार्य हे चार प्रश्न तीत स्पष्ट वेगळे केलेले आहेत. दोन सहस्र वर्षांपूर्वीच्या कोठाराच्या यादीत जे प्रश्न सुटे केले होते, ते एकोणिसाव्या शतकातील वर्णनांत पुन्हा 'धनुष्यबाण' या एका शब्दात गुंडाळले गेले.

वेणूच्या दोरीचा निर्देश विशेष महत्त्वाचा आहे. भिल्लांच्या धनुष्याची दोरी बांबूच्या सालीची पातळ पट्टी असते, हे अनेक निरीक्षकांनी सांगितले आहे. बहुधा ती गरिबीची किंवा मागासलेपणाची खूण म्हणून सांगितली जाते : दोर मिळत नाही, म्हणून बांबू. अर्थशास्त्राच्या यादीशी ताडून पाहिले म्हणजे या निष्कर्षातील उतावीळपणा लक्षात येतो. ज्या शस्त्रागारात स्नायू व ताग दोन्ही उपलब्ध होते, तेथेही वेणूची दोरी ग्राह्य होती. कारणही उघड आहे. बांबूच्या बाहेरील अंगात तंतू दाट असतात आणि आत जावे तसे ते विरळ होतात. त्यामुळे बाहेरच्या सालीची पट्टी ताणाखाली फारच थोडी वाढते. दोरी जितकी कमी ताणली जाते, तितकी वाकलेल्या कमानीची शक्ती बाणाला अधिक मिळते. ही पट्टी दुमडली तर तुटते आणि ती गुंडाळून ठेवता येत नाही, हा तिचा दोष. परंतु ज्या रानात बांबू दाराशी आहे, तेथे हा दोष मोठा नव्हे. याच न्यायाने कमानीसाठी बांबू फाडताना सालीची बाजू बाहेर, म्हणजे धनुर्धाऱ्याच्या विरुद्ध अंगाला ठेवली, तर ताण सोसणारे दाट तंतू योग्य जागी येतात. फाडलेल्या बांबूची कोणती बाजू कोणीकडे होती, एवढे एक वाक्य जरी वर्णनात असते, तरी त्याची किंमत पानभर विशेषणांहून अधिक झाली असती.

लाकडी कमानीच्या बाबतीत भाषा स्वतःच साक्ष देते. मध्य भारताच्या जंगलात वाढणाऱ्या धामणाचे लाकूड लवचिक व चिवट म्हणून प्रसिद्ध आहे. संस्कृतात या झाडाचे नाव 'धन्वन' असे असून त्यात 'धन्वन्' म्हणजे धनुष्य हाच शब्द आहे. मराठी 'धामण' हे त्याचेच तद्भव रूप होय. त्याचप्रमाणे दोरीला 'मौर्वी' म्हणतात ते मूर्वा या वनस्पतीवरून. म्हणजे वस्तू कशापासून होते, याची स्मृती शब्दांनी जपली. वर्णन करणाऱ्यांनी ती विचारली नाही.

४

मराठी शब्दसंग्रहाकडे वळले म्हणजे ही गोष्ट अधिकच स्पष्ट होते. 'धनुष्य' हा शब्द पुराणकथेचा, कीर्तनाचा व पाठ्यपुस्तकाचा आहे. बोलीत 'कमठा' व 'तिरकमठा' हे शब्द आहेत. बाणासाठी 'तीर', दोरीसाठी 'चिल्ला', बाण ठेवण्यासाठी 'भाता', आणि मातीच्या गोळ्या फेकणाऱ्या धनुष्यासाठी 'गलोल' असा एक सुटसुटीत परिवार मराठीत नांदत होता. त्यांपैकी काही शब्द फारसीतून आले, काही देशी आहेत. पण प्रत्येकाला आपले काम ठरवून दिलेले होते.

गलोलीचा इतिहास येथे विशेष मार्मिक आहे. मूळ गलोल ही कमानच होय. तिला एकाऐवजी दोन दोऱ्या असून मध्ये कापडाचा वा चामड्याचा लहान पाळणा असतो आणि त्यात भाजलेल्या मातीची गोळी बसते. पाखरे हाकण्यासाठी व लहान शिकारीसाठी ती वापरीत. पुढे रबर स्वस्त झाले आणि दुबेळक्याच्या फांदीला रबरी पट्टी बांधून मुलांनी नवे खेळणे केले. त्या बेचकीलाही 'गलोल' हेच नाव चिकटले. आज गलोल म्हटल्यावर डोळ्यांपुढे बेचकीच येते. परिणाम असा की, जुन्या लेखात 'गलोल' आढळली की आजचा वाचक चुकीची वस्तू पाहतो. शब्द जिवंत राहिला आणि वस्तू त्याच्या आडून निघून गेली. कोशात केवळ अर्थ देऊन भागत नाही, अर्थ केव्हा बदलला हेही द्यावे लागते, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

याच्या उलट यंत्रधनुष्याची स्थिती आहे. दांड्यावर आडवी बसविलेली कमान, दोरी अडकवून धरणारा खटका आणि तो सोडणारी कळ, अशी ज्याची रचना, त्या इंग्रजी 'क्रॉसबो'ला मराठीत रुळलेला शब्द नाही. येथे 'यंत्रधनुष्य' हे नाव केवळ सोयीसाठी वापरले आहे. शब्दाचा अभाव हा वस्तूच्या अभावाचा निर्णायक पुरावा नसतो, हे खरे. परंतु या बाबतीत दोन्ही अभाव एकमेकांशी जुळतात. हिंदुस्थानात यंत्रधनुष्याची परंपरा दिसते ती दोन टोकांना : ईशान्येकडे, नागा टेकड्या व अरुणाचलातील लिसू यांसारख्या लोकांत, जिचे नाते ब्रह्मदेश व चीनकडील परंपरेशी आहे, आणि दक्षिणेकडे मलबारात, जिच्याविषयी जेम्स हॉर्नेल यांनी १९२४ मध्ये लिहिले. विदर्भातील लोकांचे हत्यार साधी कमान व गलोल हेच होते.

हे सांगणे अवश्य अशासाठी की, प्राचीनत्वाच्या अभिमानातून प्रत्येक यंत्र आपल्याकडे आधीच होते, असे दाखविण्याचा मोह संशोधनाला पडतो. अर्थशास्त्रात स्थिर यंत्रांच्या यादीत 'जामदग्न्य' येते आणि टीकाकारांनी ते बाण फेकणारे यंत्र मानले आहे. तेवढ्यावरून हातात धरावयाचे यंत्रधनुष्य सिद्ध होत नाही. 'नालिक' या शब्दाची कथाही अशीच आहे. गुस्ताव ऑपर्ट यांनी १८८० मध्ये प्राचीन हिंदूंच्या शस्त्रास्त्रांवरील पुस्तकात शुक्रनीतीच्या आधाराने त्यात बंदूक पाहिली. इतरांनी नळीतून सुटणारा लहान बाण पाहिला. ज्या ग्रंथांचा काळच वादग्रस्त, त्यांतील एका शब्दावर यंत्राचा इतिहास उभारणे म्हणजे पाया खणण्यापूर्वी कळस चढविणे होय.

साधी कमान आणि यंत्रधनुष्य यांतील भेद केवळ आकाराचा नाही, तो घडणीचा आहे. कमानीत ताणलेली शक्ती माणसाचे स्नायू धरून ठेवतात. म्हणून कमान लांब व बेताच्या जोराची असते आणि नेम लागण्यास सरावाची वर्षे लागतात. यंत्रधनुष्यात तोच भार खटका सोसतो. म्हणून कमान आखूड व ताठ करता येते, आणि कौशल्याचा बराच भाग धनुर्धाऱ्याच्या हातातून सुताराच्या हातात जातो. खटक्याची धार झिजली की नेम बिघडतो. बाणही बदलतो. साध्या कमानीचा बाण कमानीच्या कडेवरून जातो, म्हणून सुटताना तो किंचित वाकून तिला वळसा घालतो व पुढे सरळ होतो. तो फार ताठ असला तर एका बाजूस जातो, फार मऊ असला तर दुसऱ्या बाजूस. म्हणून बाणाचा वेळू निवडणे हे कमान घडविण्याइतकेच नाजूक काम आहे. यंत्रधनुष्याचा बाण दांड्याच्या मध्यरेषेवरून सरळ निघतो. त्याला वळसा घालावा लागत नाही, म्हणून तो आखूड व जाड चालतो. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे 'बाण लाकडी होता' एवढीच नोंद किती अपुरी आहे, हे कळते. कोणत्या कमानीसाठी, किती लांब, किती लवचिक, हे सांगितल्यावाचून बाणाचे वर्णनच होत नाही.

५

वस्तूकडे न पाहता कथेकडे पाहण्याच्या सवयीचे आणखी एक उदाहरण म्हणजे एकलव्याचा अंगठा. भिल्ल धनुर्धारी अंगठा न लावता तर्जनी व मध्यमेने दोरी ओढतो आणि हे एकलव्याच्या गुरुदक्षिणेचे स्मरण होय, असे पुष्कळदा लिहिले जाते. या विधानाचे दोन भाग वेगळे केले पाहिजेत. बोटांनी दोरी ओढणे ही जगात फार ठिकाणी आढळणारी रीत आहे. युरोपातील धनुर्धारीही तसेच करीत. अंगठ्याने, बहुधा अंगठी घालून, दोरी ओढण्याची रीत मध्य आशिया, इराण व मोगल दरबार या परंपरेची. तेव्हा बोटांची ओढ समजावून सांगण्यासाठी तुटलेल्या अंगठ्याची गरज नाही. शिवाय आदिपर्वातील एकलव्य हा निषादराज हिरण्यधनूचा पुत्र आहे; त्याला भिल्ल ठरविणे ही नंतरची भर होय. अंगठा गेल्यावर तो बोटांनी बाण सोडू लागला, पण पूर्वीची चपळाई राहिली नाही, असे मूळ कथेतच म्हटले आहे.

तथापि, रीतीचे कारण म्हणून जी कथा टिकत नाही, ती साक्ष म्हणूनही निरर्थक ठरते असे नाही. विद्या हिरावून घेतली गेल्याची जाणीव एखादा समाज आपल्या हाताच्या ठेवणीशी जोडतो, तेव्हा तो धनुर्विद्येचा इतिहास सांगत नसतो. आपल्या आणि राजसत्तेच्या संबंधाचा इतिहास सांगत असतो. समीक्षकाने दोन्ही प्रकारचे सत्य एकाच तराजूत घालू नये.

हा संबंध अर्वाचीन काळात कायद्याच्या भाषेत व्यक्त झाला. १८७८ व १९२७ च्या वनकायद्यांनी बांबू व लाकूड सरकारी नियंत्रणाखाली आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ संपूर्ण बंदीपर्यंत नेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनोपजावरील हक्क मान्य केले. मात्र शिकारीचा परंपरागत हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळविला आणि बांबूवरील ग्रामसभेचा अधिकार पुढे प्रत्यक्षात आणला. अशा रीतीने कमठ्याचे द्रव्य काही गावांना परत मिळाले. त्याचे जुने प्रयोजन मात्र परत येणार नाही, आणि वाघ-सांबरांची आजची संख्या पाहता ते यावे, असेही कोणी म्हणणार नाही. परंतु प्रयोजन गेल्यावर घडविण्याचे ज्ञान टिकण्याचे एकच कारण उरते, ते म्हणजे कोणीतरी ते जाणीवपूर्वक नोंदविणे किंवा चालू ठेवणे.

चालू ठेवण्याचा एक मार्ग क्रीडेचा आहे. देशांतर्गत स्पर्धांत बांबूच्या कमानीची 'इंडियन राउंड' ही शाखा आहे. परंतु नागपूरच्या तरुणांपुढे आज जो आदर्श आहे, तो निराळ्या कमानीचा. नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिन येथे कंपाउंड प्रकारात जगज्जेता झाला. अंतिम सामन्यात त्याने १५० पैकी १५० गुण मिळविले. कंपाउंड कमानीत टोकांना चाके असतात व पूर्ण ओढीच्या वेळी हातावरील भार एकदम उतरतो. दोरी बोटांनी न सोडता कळीने सोडली जाते. स्नायूंचा भार यंत्रावर टाकण्याचा जो विचार यंत्रधनुष्याच्या खटक्यात होता, तोच येथे दुसऱ्या रूपाने आला आहे. विदर्भाने यंत्रधनुष्य कधी घडविले नाही. पण त्यामागील तत्त्व त्याच्या घरी अशा वाटेने पोहोचले.

६

वर्णनग्रंथांच्या या परीक्षेतून दोष कोणा एका ग्रंथकाराचा निघत नाही. रसेल व हिरालाल यांनी जे मथळे ठरविले, त्यांत त्यांनी प्रामाणिकपणे भर घातली. दोष पुढच्यांचा अधिक आहे. विद्यापीठांतील प्रबंधांनी तेच मथळे तसेच उचलले, तीच वाक्ये मराठीत आणली आणि 'तिरकमठा' जेथे ऐकू येत होता तेथे 'धनुष्यबाण' लिहिले. हे भाषांतर शुद्ध दिसते, पण त्यात वस्तूचा एकेक भाग गळून पडतो. बोलीतील शब्द हा अलंकार नसून तो वस्तूच्या भागाचा निर्देश असतो. तो बदलला की भागच नाहीसा होतो.

म्हणून मराठी विभागांपुढील काम मर्यादित पण निश्चित आहे. कारागिराकडे जाऊन त्याच्या क्रियेच्या क्रमाने शब्द गोळा करावेत : बांबू केव्हा तोडतात, तो किती दिवस मुरवितात, फाडलेल्या फाळीच्या कोणत्या बाजूला काय म्हणतात, दोरी अडकविण्याच्या खाचेला काय म्हणतात, बोथट बाणाला व अणकुचीदार बाणाला वेगळी नावे आहेत काय. प्रत्येक शब्दापुढे गाव, भाषा व वर्ष लिहावे. गोंडी, माडिया व मराठी रूपे एकाच ओळीत मिसळू नयेत. संग्रहालयातील कमानीजवळ 'आदिवासी शस्त्र' असे न लिहिता द्रव्य, दोरी, लांबी आणि प्रयोजन हे चार तपशील द्यावेत. आणि ही सर्व नोंद पुरी झाल्यावर ती पुन्हा त्याच कारागिरास वाचून दाखवावी, व तिच्यावरून ही कमान घडेल काय, असे त्याला विचारावे.